गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्सवर पहिल्यांदा जाणारे लोक बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांच्या मुळाशी एकच भीती असते: आपल्याकडून काहीतरी चुकेल आणि चारचौघांत दिसेल. ते प्रश्न इथे, जसे आले तसे, सोप्यापासून किचकट नियमांपर्यंत लावले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. प्रत्येक कोर्सची शिस्त थोडी वेगळी असते, म्हणून तिथली सूचनांची पाटी आणि स्कोअरकार्डाची मागची बाजू आधी वाचा.

१. मला गोल्फ अजिबात येत नाही. तरी कोर्सवर गेलं तर चालेल का?

चालेल, फक्त पहिल्याच दिवशी १८ होलवर उतरू नका. आधी ड्रायव्हिंग रेंजवर जा. तिथे बादलीभर चेंडू घ्यायचे आणि एका जागी उभं राहून मारत राहायचं. मागे कोणी खोळंबत नाही, चेंडू शोधावा लागत नाही. दहातले पाच-सहा चेंडू जमिनीवरून का होईना पण पुढे जायला लागले की ९ होलचा किंवा फक्त पार-३ होल (सर्वांत आखूड होल, प्रश्न २) असलेला छोटा कोर्स निवडा आणि खेळणारं कोणीतरी सोबत घ्या.

काही कोर्स सर्वांना खुले असतात. काही फक्त सभासदांचे असतात, तिथे सभासदाचा पाहुणा म्हणूनच जाता येतं. काही ठिकाणी हँडिकॅप विचारतात (प्रश्न १३). आधी फोन करून एवढं विचारून घ्या, म्हणजे दारात अवघडल्यासारखं होत नाही. वाईट खेळाची लाज मात्र बाळगू नका. तिथला प्रत्येक जण कधीतरी चेंडू झाडीत घालून आलेला असतो. वाईट खेळणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, रेंगाळणाऱ्याला ठेवतात (प्रश्न ७).

२. १८ होल म्हणजे मैदानात १८ खड्डे, एवढंच ना?

खड्डा हा त्याचा शेवट. ‘होल’ म्हणजे टीपासून त्या खड्ड्यापर्यंतचा सगळा पट्टा. टी ही सुरुवातीची सपाट जागा. पुढे आखूड कापलेलं गवत म्हणजे फेअरवे, दोन्ही अंगांना वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ. वाटेत कुठे वाळूचे बंकर, कुठे पाणी, आणि शेवटी ग्रीन. तिथलं गवत जेमतेम काही मिलिमीटर उंचीचं असतं, त्यात झेंडा आणि १०८ मिलिमीटर व्यासाचा खड्डा. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे खड्डा चेंडूच्या अडीचपट रुंद. टीव्हीवर तो सोपा दिसतो. वाकून बघितलं की खरं माप कळतं.

प्रत्येक होलला ‘पार’ असतो, बहुतेक ३, ४ किंवा ५. चांगल्या खेळाडूला तेवढे फटके लागावेत असा तो अंदाज, आणि त्यात ग्रीनवरचे दोन फटके धरलेले असतात. पार-४ म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं आणि दोनात चेंडू खड्ड्यात घालायचा. पूर्ण कोर्सची बेरीज बहुधा ७० ते ७२ होते. पार ७२ असेल तर हिशेबाने ३६ फटके एकट्या पटरचे (पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू हळूच ढकलायची काठी). नवखी माणसं रेंजवर लांब मारण्यात सगळा वेळ घालवतात, तेव्हा मी हाच आकडा त्यांच्यापुढे ठेवतो. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी.

१८ हा आकडा आला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरून. तिथे आधी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ साली काही होल एकत्र केले, १८ उरले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

चालत खेळलात तर साधारण आठ-दहा किलोमीटर होतात आणि चार ते साडेचार तास जातात. पाणी आणि टोपी विसरू नका.

३. कपडे आणि बूट कसे हवेत?

कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स बहुतेक सगळीकडे चालते. जीन्स, ट्रॅकसूट आणि बिनबाह्यांचे शर्ट बऱ्याच कोर्सवर चालत नाहीत, म्हणून बुकिंग करतानाच विचारा. स्त्रियांसाठीचे नियम कोर्सनुसार जास्त बदलतात, तेही विचारून घ्या. गोल्फचे बूट नसले तरी चांगली पकड असलेले सपाट स्पोर्ट्स शूज पुरतात. लोखंडी खिळ्यांच्या बुटांवर आता बहुतेक ठिकाणी बंदी आहे आणि टाचेचे बूट तर ग्रीनवर नकोतच. हातमोजा एकच लागतो: उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात.

४. माझ्याकडे क्लब नाहीत. पूर्ण सेट विकत घ्यावा लागेल का?

नाही. क्लब म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, आणि बहुतेक कोर्सवर त्यांचा सेट भाड्याने मिळतो. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण नवख्याला सहा-सात खूप झाले: लांब मारायला एक वुड किंवा हायब्रिड, मधल्या अंतराला दोन-तीन आयर्न, जवळून उंच उडवायला एक-दोन वेज आणि पटर. मोठा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) सुरुवातीला बॅगेतच राहू द्या, त्याच्याने चेंडू सरळ जाणं सगळ्यात कठीण.

चेंडू मात्र दहा-बारा न्या, हरवतातच. महागडे घेऊ नका. प्रत्येक चेंडूवर मार्करने आपली खूण करा. दोघांचे चेंडू एकाच कंपनीचे आणि एकाच क्रमांकाचे निघाले आणि खूण नसली, तर कोणता कोणाचा ते सांगता येत नाही. चुकीचा चेंडू मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (ज्यात सगळ्या फटक्यांची बेरीज मोजतात) दोन फटक्यांचा दंड आहे.

५. टी-टाइम ७ चा असेल तर ७ ला पोहोचलं की झालं ना?

सातला तुमचा पहिला चेंडू टीवरून निघायला हवा. नाव नोंदवणं, ग्रीन फी (खेळायचं शुल्क) भरणं, बूट बदलणं आणि थोडा सराव यासाठी पाऊण तास आधी पोहोचा. वेळ कमी पडला तर रेंज सोडा, पण सरावाच्या ग्रीनवर दहा मिनिटं घालवा, कारण त्या दिवशी चेंडू किती जोरात पळतोय ते तिथेच कळतं. स्पर्धेत पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, त्यापुढे थेट बाद. स्पर्धा नसली तरी उशिरा आलेल्या चौकडीमुळे (एकत्र खेळणाऱ्या गटामुळे) मागचा सगळा दिवस सरकतो.

६. आधी कोणी मारायचं? आणि दुसरा मारत असताना मी कुठे उभं राहू?

टीवर, मागच्या होलला सर्वांत कमी फटके घेतलेला आधी मारतो. पुढे ज्याचा चेंडू खड्ड्यापासून सर्वांत लांब, तो आधी. रोजच्या खेळात मात्र जो तयार असेल आणि ज्याच्या समोर कोणी नसेल त्याने मारावं, स्ट्रोक प्लेच्या नियमांनाही ते मान्य आहे. अपवाद मॅच प्लेचा, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकायच्या खेळाचा: तिथे पाळी सोडून मारलंत तर समोरचा खेळाडू तो फटका रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो.

दुसरा मारत असताना गप्प आणि स्थिर राहा. चेंडूच्या पुढे कधीच उभं राहू नका. त्याच्या मागे, चेंडूच्या सरळ रेषेतही नको, तिथलं माणूस डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं. त्याचं तोंड ज्या बाजूला आहे तिकडे, पण चेंडूच्या थोडं मागच्या अंगाला, चार-पाच पावलं दूर ही चांगली जागा. सकाळ-संध्याकाळी आपली सावली त्याच्या चेंडूवर पडत नाही ना, तेही बघा.

आपला चेंडू कोणाच्या दिशेने जातोय असं वाटलं तर लगेच, पोटातून ‘फोर!’ ओरडा. इथे संकोच नको. आणि तुम्हाला ‘फोर!’ ऐकू आलं तर वर बघू नका, दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाका. ४५ ग्रॅमचा कडक चेंडू डोळ्याला लागला तर दृष्टी जाऊ शकते.

७. मी हळू खेळतो. मागचे लोक चिडतील का?

पुढच्या चौकडीपासून मागे पडलात तर हो. लक्ष मागच्यांवर ठेवण्यापेक्षा पुढच्यांवर ठेवा. पुढचा होल मोकळा पडला असेल तर तुम्ही मागे पडला आहात.

वेग म्हणजे पळापळ नव्हे. चेंडूकडे जातानाच क्लब ठरवा, पाळी आली की एक सरावाचा हात फिरवून मारा. पाळी आल्यावर ४० सेकंदांच्या आत फटका मारावा अशी नियमांची शिफारस आहे. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात (२०१९ पूर्वी पाच मिळत). मागचे थांबलेले दिसले तर हाताने खूण करून त्यांना पुढे जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही, उलट ते आभार मानून जातात.

एखादा होल फारच बिघडला आणि नऊ-दहा फटके झाले तर चेंडू उचला आणि पुढच्या टीवर भेटा. मैत्रीच्या खेळात हे सर्रास चालतं. स्पर्धेत स्टेबलफोर्ड पद्धत असेल तर तिथेही चालतं, कारण त्यात होलला गुण असतात आणि बिघडलेल्या होलला फक्त शून्य मिळतं. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने इंग्लंडमधल्या वॉलेसी क्लबवर १९३२ साली पहिली स्पर्धा झाली. नवख्यांनी याच पद्धतीने गुण मोजावेत, एका वाईट होलमुळे सगळी सकाळ कडू होत नाही. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये मात्र प्रत्येक होल पूर्ण करावाच लागतो.

८. ग्रीनवर गेल्यावर नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं?

याच प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण कोर्समधली सर्वांत नाजूक जागा हीच.

बॅग आणि बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) ग्रीनवर नेऊ नका. बॅग पुढच्या टीच्या बाजूला, कडेला ठेवा. पाय घासत चालू नका. दुसऱ्याच्या चेंडूपासून खड्ड्यापर्यंतची वाट मनात आखा आणि तिच्यावर पाऊल टाकू नका. वळसा घाला किंवा ओलांडून जा. तुमचा चेंडू कोणाच्या वाटेत असेल तर त्याच्या मागे नाणं किंवा मार्कर ठेवून उचला. उचलल्यावर पुसता येतो. झेंडा २०१९ पासून खड्ड्यात राहू दिला तरी चालतो. काढलात तर हळूच आडवा ठेवा, टाकू नका. चेंडू खड्ड्यातून हाताने काढा. पटरच्या टोकाने उकरला की कडा ढासळते आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचे चेंडू तिथे बिचकतात.

उंचावरून पडलेल्या चेंडूने ग्रीनवर वाटीएवढा खळगा पडतो, तो पिच-मार्क. तो बुजवायचा दोन दातांचा काटा खिशात असू द्या. काटा खळग्याच्या काठाबाहेर तिरपा खुपसायचा आणि काठाचं गवत मध्याकडे लोटायचं, चारही बाजूंनी. मग पटरच्या तळाने हलकेच थापटायचं. खालून उचकटू नका. नवखे नेमकं तेच करतात: मुळं तुटतात आणि तिथे कितीतरी दिवस तपकिरी डाग राहतो. आपला खळगा बुजवून झाला की शेजारचा एखादाही बुजवा.

चेंडू चुकून पायाने किंवा पटरने हलला तर ग्रीनवर दंड नाही, पूर्वीच्या जागी ठेवा (ग्रीनबाहेर गोष्ट वेगळी, प्रश्न १८ पाहा). फटके लिहायचं काम पुढच्या टीवर गेल्यावर.

पहाटेचा टी-टाइम मिळाला तर पहिल्या ग्रीनवर दव असतं आणि चेंडूमागे गवतावर काळसर रेघ उमटत जाते. क्षणभर थांबून ती बघा. चेंडू कुठून वळायला लागला ते त्यात लिहिलेलं असतं.

९. बंकरमधल्या पावलांचं आणि उखडलेल्या गवताचं काय करायचं?

बंकरमध्ये कमी उंचीच्या बाजूने उतरा, त्याच वाटेने बाहेर या आणि रेकने आपली पावलं व फटक्याचा खड्डा सपाट करा. खेळताना एक नियम लक्षात ठेवा: फटक्याआधी चेंडूच्या लगेच मागे-पुढे किंवा सरावाच्या हाताने क्लब वाळूला लावायचा नाही, दोन फटक्यांचा दंड आहे. वाळूतलं पान किंवा सुटा दगड मात्र आता उचलता येतो. काही केल्या चेंडू निघत नसेल तर दोन दंडाचे फटके घेऊन तो बंकरबाहेर, खड्डा आणि चेंडू यांच्या रेषेत मागे टाकता येतो.

फेअरवेवर उखडलेला गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हट, उचलून जागच्या जागी बसवा आणि पायाने दाबा. बग्गीत किंवा टीजवळ वाळूची बाटली असेल तर त्या जागी वाळू भरा.

१०. बग्गी घ्यावी की चालावं?

पाय धड असतील तर चालाच. कोर्सचे चढ-उतार पायांनाच कळतात. बग्गी घेतलीत तर टी आणि ग्रीनपासून लांब ठेवा. पावसानंतर ‘फक्त रस्त्यावरून’ अशी पाटी असते, तेव्हा दोन-तीन क्लब हातात घेऊन चेंडूपर्यंत चालत जा, नाहीतर चुकीचा क्लब म्हणून परत फेरी पडते.

११. कॅडी घेतला तर त्याच्याशी कसं वागायचं?

कॅडी म्हणजे तुमची बॅग वाहणारा मदतनीस. त्याचं नाव विचारा आणि पहिल्या टीवरच सांगा की तुम्ही नवीन आहात. चेंडू कुठे पडला ते पाहणं, अंतर सांगणं, ग्रीनचा उतार वाचणं यात तो तुमच्यापेक्षा पुष्कळ पुढे असतो. क्लब निवडणं आणि फटका मारणं तुमचं, तेव्हा चुकलेला फटका त्याच्या माथी मारू नका. मेहनताना आणि बक्षिसीची रीत आधी ऑफिसात विचारून घ्या. नियमाने सल्ला फक्त कॅडीकडून किंवा जोडीदाराकडून घेता येतो. स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला ‘कोणता क्लब घेतलास?’ विचारणं दंडाचं आहे. ‘ग्रीन किती लांब?’ हे चालतं.

१२. पांढऱ्या, पिवळ्या, लाल खुंट्या कशासाठी असतात?

पांढरी खुंटी म्हणजे हद्द. पूर्ण चेंडू तिच्यापलीकडे गेला तर एक दंड आणि पुन्हा आधीच्याच जागेवरून फटका. पिवळ्या आणि लाल खुंट्या पाणी, ओढा, दाट झाडी अशा दंडक्षेत्राभोवती असतात. तिथे चेंडू मारता येण्याजोगा असेल तर बिनदंड खेळा. नसेल तर एक दंड घेऊन आधीच्या जागेवरून मारा, किंवा चेंडू जिथून आत शिरला तो बिंदू आणि झेंडा यांच्या रेषेत मागे येऊन टाका. लाल खुंट्यांना आणखी एक सोय आहे: शिरल्याच्या बिंदूपासून दोन क्लबांच्या अंतरात, झेंड्याच्या जवळ न जाता. चेंडू टाकताना हात गुडघ्याच्या उंचीवर.

आड येणारी लाल किंवा पिवळी खुंटी सहज निघत असेल तर उपटता येते. पांढरी उपटायची नाही, तिच्यापासून फुकट सुटकाही नाही.

चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा दंडक्षेत्राबाहेर हरवला अशी शंका आली तर पहिला जिथून मारला तिथूनच दुसरा मारा, पण आधी ‘प्रोव्हिजनल’ असं मोठ्याने सांगा. न सांगता मारलात तर तोच तुमचा चालू चेंडू, मग पहिला सापडला तरी उपयोग नाही.

१३. हँडिकॅप काढल्याशिवाय खेळता येतं का?

बहुतेक ठिकाणी येतं. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीचा आकडा. त्यानुसार कच्च्या खेळाडूला जादा फटके मिळतात आणि तो पक्क्याशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे आणि तिची कमाल मर्यादा ५४.० आहे. फटके मोजायची सवय लागली की काढून घ्या.

१४. क्लब फिरवला पण चेंडूला लागलाच नाही. तो फटका मोजायचा?

मारायच्या इराद्याने फिरवला असेल तर मोजायचा. सरावाचा हात असेल तर नाही. टीवर चेंडू एका छोट्या खिळीवर ठेवतात, तिच्यावरून सरावाच्या धक्क्याने तो पडला तर बिनदंड परत ठेवा, कारण खेळ अजून सुरूच झालेला नाही. फेअरवेवर सरावाच्या हाताने चेंडू हलला तर फटका धरत नाहीत, पण एक दंड बसतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो.

१५. कावळ्याने किंवा कुत्र्याने चेंडू उचलून नेला तर?

थांबलेला चेंडू नेताना पाहिलं असेल, किंवा तसंच झालं याची जवळजवळ खात्री असेल, तर दंड नाही. अंदाजाने मूळ जागी दुसरा चेंडू ठेवा. नुसता ‘नेला असेल’ हा संशय पुरत नाही, मग तो हरवलेला चेंडू. उडता चेंडू प्राण्याला लागून वळला तर जिथे थांबला तिथूनच खेळा.

१६. खेळताना वीज कडाडायला लागली तर?

खेळ थांबवा आणि पक्क्या इमारतीत जा. एकटं झाड, टेकाड, पाण्याचा काठ आणि उघडी बग्गी टाळा, छत्री मिटा. स्पर्धेत सायरनचा एक लांब आवाज म्हणजे तत्काळ थांबा, हातातला फटकाही मारायचा नाही. तीन आवाज म्हणजे नेहमीचा विराम, दोन छोटे आवाज म्हणजे पुन्हा सुरू. विजेचा धोका वाटला तर सायरनची वाट न बघता थांबायचा हक्क खेळाडूला नियमानेच आहे. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे.

१७. मला खेळायचं नाही, फक्त बघायचंय. मुलांना नेता येईल का?

रोजच्या खेळात सोबत चालायची परवानगी ऑफिसातून घ्या. लहान मुलं नेहमी मारणाऱ्याच्या मागे, हात धरून. स्पर्धेत दोरीबाहेर राहा आणि खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की जागच्या जागी थांबा. फोन आवाज बंद करून खिशात ठेवा. ऑगस्टा नॅशनलवरच्या मास्टर्स स्पर्धेत तर प्रेक्षकांना मोबाइल आत नेता येत नाही आणि धावायलाही मनाई आहे. ओल्ड कोर्सची रीत मला फार आवडते: रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी फेअरवेवर फिरायला येतात.

१८. रफमध्ये माझा चेंडू माझ्याच हातून हलला, कोणी पाहिलं नाही. सांगायलाच हवं का?

हो. रोजच्या खेळात पंच नसतो, नियम लागू करायचं काम खेळाडूचंच असतं. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स यांचा चेंडू रफमध्ये फटक्याच्या तयारीत असताना हलला. दुसऱ्या कोणालाही ते दिसलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतःवर एक दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये ते विली मॅकफार्लेन यांच्याकडून हरले. तो एक फटका नसता तर प्ले-ऑफची वेळच आली नसती.

कार्डाच्या बाबतीतही असंच. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो दे व्हिसेंझो यांनी १७ व्या होलला ३ फटके घेतले होते, सोबतच्या खेळाडूने ४ लिहिले आणि त्यांनी न तपासता सही केली. लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तो तसाच धरतात. त्यांची प्ले-ऑफची संधी गेली. आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली असती तर ते बादच झाले असते. आजही नियम हाच आहे, फक्त एखादा दंड लागतो हेच खेळाडूला सही करताना माहीत नसेल, तर बाद न करता तो दंड नंतर मिळवतात.

तेव्हा चेंडू हलला की सोबतच्यांना तिथल्या तिथे सांगा, तो मूळ जागी ठेवा, एक मिळवा आणि पुढचा फटका मारा.